सगळ्या खुणा हिरव्या

गुरुवारी पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांनी मेस्त्रीबाई खुर्ची पुढे ओढून स्क्रीनसमोर बसल्या होत्या आणि हिरव्या खुणा मोजत होत्या. आदल्या दिवशीच्या कामाची नोंद समोर होती. अकरा कामं, अकरा खुणा, सगळ्या हिरव्या. सोमवारीही अकरा होत्या आणि मंगळवारीही. मशीनच्या मते या आठवड्यात कुठे काहीही बिघडलेलं नव्हतं.

संस्थेच्या फोनवर मात्र तीन दिवसांत एकसष्ट तक्रारी आल्या होत्या.

संस्था म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दृष्टिहीनांसाठी रविवार सोडून रोज बोलतं वर्तमानपत्र काढणारी संस्था चष्मेवाल्याच्या डोक्यावर बसली आहे, यावरचे सगळे विनोद गेल्या अठरा वर्षांत करून झालेत. त्यातले निम्मे खुद्द चष्मेवाल्याने केलेत. आतली खोली पूर्वी अडगळीची होती. तिच्या भिंतींना गाद्या ठोकून ध्वनिमुद्रणाची खोली केली आहे. तिला खिडकी नाही आणि दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नाही. सव्वापाच ते सव्वासहा या वेळात चार वाचक तिथे पाळीपाळीने बसून बातम्या वाचतात. साडेसहाला मेस्त्रीबाईंची स्क्रिप्ट जागी होते.

स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लिहून दिलेली कामांची यादी, आणि हे मशीनही इथलं नाही. दूरच्या कुठल्या तरी इमारतीत ते रोज अर्ध्या तासासाठी भाड्याने मिळतं. सगळे त्याला क्लाउड म्हणतात. ध्वनिमुद्रण तिथे पोचतं, आवाज एका पातळीवर येतात, चुका कापल्या जातात, तुकडे जोडून अंक तयार होतो आणि सात वाजता दोन हजार तीनशे सोळा फोनवर पोचतो. आठ वर्षांत हे काम बाईंना हाताने करावं लागलेलं नाही. त्याआधी त्या रोज दीड तास कानाला हेडफोन लावून चुका कापत बसायच्या.

अंक चाळीस मिनिटांचा असतो. सोमवारी तो पस्तीसचा निघाला, मंगळवारी चौतीसचा, बुधवारी छत्तीसचा. चार ते सहा मिनिटं रोज कुठे तरी गळत होती, आणि गळती शहराच्या आणि खेळाच्या बातम्यांत होती.

एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई रोज फोन करायच्या. बुधवारी त्या म्हणाल्या, “मला एवढंच सांगा, तुमचा शहर विभाग बंद पडलाय की शहर?”

या सगळ्याची मुदत होती आजची, दुपारी चार वाजता. संस्थेच्या संचालकांना सगळे साहेब म्हणतात. साहेबांच्या टेबलावर एका कंपनीचा करार पडून होता. कंपनीचं मशीन बातम्या स्वतः वाचणार, चुकणार नाही, खोकणार नाही, त्याला पहाटेचा चहा लागणार नाही. सहीसाठी कंपनीचा माणूस चारला येणार होता. सही झाली की चार वाचकांच्या खुर्च्या निघणार.

“मला हौस नाही,” साहेबांनी बुधवारी संध्याकाळी सांगितलं होतं. “पण तीन दिवस लोकांना अर्धवट पेपर जातोय आणि का, हे तुम्हालाही सांगता येत नाही. उद्या चारच्या आत कारण सांगा. नुसती दुरुस्ती नको, कारण.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. कशाच्या जोरावर, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मेस्त्रीबाई हे नाव त्यांना कॅसेटच्या काळात पडलं. वय आता एकोणपन्नास. एकोणिसाव्या वर्षी संस्थेत आल्या त्या कॅसेटवर उठावाच्या अक्षरांची लेबलं चिकटवायला. मशीन अडलं की त्या पेचकस घेऊन ते उघडायच्या, कारण दुरुस्तीवाला दोन दिवसांनी यायचा आणि पेपर दोन दिवसांनी शिळा व्हायचा. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. क्लाउड आला तेव्हा बाईंनी त्याचं मार्गदर्शक पुस्तक छापून आणून आठ महिने वाचलं आणि चहाचे डाग पाडले. पेचकस अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. हल्ली त्याने बिस्किटांचे डबे उघडतात.

त्यांची एक वहीही आहे. बिघाड झाला की काय विचारायचं, ते तिच्यात लिहिलेलं. पहिला प्रश्न ‘काल काय बदललं?’ आणि त्याखाली लाल शाईत: ‘सगळे काही नाही म्हणतील. विश्वास ठेवू नये.’

सोमवारी त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं आणि सगळे काही नाही म्हणाले होते. बाईंनी विश्वास ठेवला नाही आणि शोधलं. क्लाउडवरचा परवाना संपलाय का? नाही, सात महिने बाकी. जागा भरलीय का? निम्मी रिकामी. स्क्रिप्ट कुणी हात लावून बिघडवली? शेवटचा हात बाईंचाच, चौदा महिन्यांपूर्वीचा. मग सापडलं. आवाज कापणारं जे उसनं सॉफ्टवेअर स्क्रिप्ट वापरते, ते रविवारी आपोआप नवं झालं होतं. बाईंना हायसं वाटलं. मंगळवारी दुपारी त्यांनी जुनं सॉफ्टवेअर परत बसवलं, वहीत नोंद केली, घरी जाऊन निवांत जेवल्या. बुधवारी अंक छत्तीस मिनिटांचा निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

गुरुवारी साडेसहाला स्क्रिप्ट सुरू झाली. सहा एक्केचाळीसला अकरावी खूण हिरवी झाली. अंकाची लांबी तेहतीस मिनिटं. आठवड्यातली सर्वांत कमी.

सात वाजून एक मिनिटाने फोन वाजला. हा फोन रोज याच वेळी वाजतो. बाईंचा मोठा भाऊ सोळाव्या वर्षापासून आंधळा आहे. तो पियानोचे सूर जुळवून देतो, आणि अंक पोचला की फोन करून “आला” एवढा एक शब्द बोलून ठेवून देतो.

आज तो जास्त बोलला. “आला. अर्धपोटी.”

“माहितीय, दादा.”

“रविवारी आपला संघ खेळला ना? सोमवारपासून वाट बघतोय. हरला म्हणावं तर तेही नाही. लहानपणी तू अशीच करायचीस.”

हे खरं होतं. दादाची दृष्टी गेली तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या. रोज संध्याकाळी त्याला पेपर वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. खेळाच्या पानाचा त्यांना कंटाळा. दोन पानं एकदम उलटून त्या पुढे जायच्या आणि दादा शांतपणे विचारायचा, “आज जगात कुणीच खेळलं नाही का गं?” संस्थेत नोकरी धरण्यामागे, दादाच्या मते, सेवाभाव वगैरे काही नव्हता. स्वतः वाचायचं टाळण्यासाठी तिने चार माणसं कामाला लावली.

“दुपारी तुमच्या मागच्या गल्लीत काम आहे,” तो म्हणाला. “त्याआधी दहाच्या सुमारास येतो. चहा ठेव.”

तोवर बाईंनी एक गोष्ट केली, जी सोमवारीच करायला हवी होती असं त्या आता सांगतात. गेल्या गुरुवारचं ध्वनिमुद्रण काढलं आणि आजच्या स्क्रिप्टमधून पुन्हा सोडलं. अंक निघाला चाळीस मिनिटांचा, पूर्ण. म्हणजे स्क्रिप्ट निर्दोष. मग आजचं कच्चं ध्वनिमुद्रण उघडलं. तेही त्रेचाळीस मिनिटांचं, भरलेलं. मधे-मधे ऐकलं, शहर होतं, खेळ होता, संघ जिंकलेलाही होता. आडात पाणी होतं आणि पोहऱ्यात येत नव्हतं. म्हण उलटी झाली की काय करायचं, हे वहीत नव्हतं.

दादा सव्वादहाला आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात काठी. खुर्ची कुठे आहे ते त्याला सांगावं लागत नाही.

“लाव,” तो म्हणाला. “कच्चंच लाव. आणि तू बोलू नकोस.”

आवाज शहराच्या बातम्या वाचणाऱ्याचा होता. त्याला सगळे कीपर म्हणतात. फुटबॉलच्या स्थानिक संघाचा हा वीस वर्षं गोलकीपर होता. आता साठीला आलाय आणि शहर व खेळ हे दोन्ही विभाग वाचतो. तो एका दमात वाचतो. बातमी सुरू केली की संपेपर्यंत थांबत नाही, जणू मधे थांबला तर कुणी चेंडू मारेल. श्रोत्यांना तो फार आवडतो.

बातमी नदीवरच्या पादचारी पुलाची होती. दोन वर्षं बंद असलेला पूल उघडला. बातमी संपली. पट-पट.

“थांब,” दादा म्हणाला. “हे काय वाजलं?”

“टाळ्या. चूक झाली की वाचणारा दोन टाळ्या वाजवतो आणि वाक्य पुन्हा वाचतो. स्क्रिप्ट टाळ्या ओळखते, मागच्या थांब्यापर्यंतचं पुसते. आठ वर्षं तसंच चाललंय, तुला माहितीय.”

“ते माहितीय. मग तो चुकला कुठे?”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“परत लाव. बघ, वाचलं, दोन वाजले, आणि पुढची बातमी. परत वाचलं कुठेय त्याने? चुकलाच नाही तर टाळ्या कशाला?”

आठ वर्षांत बाईंनी हजारो टाळ्या ऐकल्या होत्या आणि त्यांच्या कानाने टाळी आली की ती सोडून द्यायची सवय लावून घेतली होती. दादाच्या कानाला तशी सूट नव्हती.

“आणि टाळ्या नाहीत या,” तो पुढे म्हणाला. “हातावर हात असा वाजत नाही. हे लाकूड आहे. भरीव, जाड. एक डावीकडे वाजलं, एक उजवीकडे. टेबल बडवतोय तुमचा माणूस.”

“कशाला बडवेल?”

“ते त्याला विचार. मी सूर सांगतो, स्वभाव नाही.”

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. टेबल तेच होतं, अठरा वर्षांचं. पण त्याचं लाकूड दिसत होतं, आणि ते लाकूड आपण कधी पाहिलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. टेबलावर जाड हिरवं लोकरी कापड असायचं. ते नव्हतं.

मावशी जिना पुसत होत्या. संस्थेची झाडलोट त्यांच्याकडे आहे आणि पहाटे दार उघडणंही.

“मावशी, आतल्या टेबलावरचं कापड?”

“धुवायला काढलं. शनिवारी.” मावशींनी फडका पिळला. “किती वर्षं धूळ खात होतं ते. शिंकून शिंकून जीव जायचा. चार बादल्या पाणी काळं निघालं.”

“मग परत का नाही घातलं?”

“वाळलं तर घालीन ना. घोंगडीसारखं जाड. गच्चीवर पसरलंय, रोज एक सर येऊन भिजवते, अजून ओलंच आहे.”

“सोमवारी मी तुम्हाला विचारलं होतं, काय बदललं म्हणून. तुम्ही म्हणालात काही नाही.”

“तुम्ही मशीनचं विचारलंत,” मावशी म्हणाल्या. “टेबलाचं कुठे विचारलंत?”

दादा खुर्चीत बसून हसत होता. “काखेत कळसा,” तो म्हणाला, “आणि तू क्लाउडभर दवंडी पिटतेस.”

कीपरला बारा वाजता आतल्या खोलीत बोलावलं. तो घाबरतच आला. करार होणार हे वाचकांना कळलं होतं.

“मी टेबल बडवतो? मी?” त्याने दोन्ही हात छातीवर ठेवले. “बाई, उभ्या जन्मात कधी टेबल बडवलं नाही मी.”

“ही बातमी वाचा,” बाईंनी कागद पुढे केला. “इथेच, उभ्याने नको, बसून.”

त्याने वाचली. शाळेच्या मुलींनी पोहण्याची ढाल आणली, तेरा वर्षांनी. शेवटच्या शब्दाबरोबर डावा तळवा टेबलाच्या डाव्या टोकाला, उजवा उजव्या टोकाला. पट-पट.

कीपरने आपल्या हातांकडे पाहिलं, दुसऱ्याचे असावेत तसं.

“खांब,” तो हळूच म्हणाला. “गोल अडवला की मी दोन्ही खांबांना थाप मारायचो. एक इकडे, एक तिकडे. वीस वर्षं.”

म्हणजे असं झालं होतं. बातमी चांगली असली की कीपर दोन्ही खांबांना थाप मारायचा. आठ वर्षं ती थाप हिरव्या कापडात विरून जायची आणि मायक्रोफोनला कळायची नाही. कापड गेलं, थापा ऐकू आल्या. स्क्रिप्टला वाटलं, चूक झाली. तिने सांगितल्याप्रमाणे मागच्या थांब्यापर्यंतचं पुसलं. आणि कीपर मधे थांबत नसल्यामुळे पुसली जायची ती आख्खी बातमी. वाईट बातमीवर तो थाप मारत नसे, त्यामुळे वाईट बातम्या सगळ्या सुखरूप पोचल्या. चार दिवस दोन हजार तीनशे सोळा माणसांच्या शहरात फक्त पाइप फुटले, भांडणं झाली आणि संघ हरला. संघ या आठवड्यात तीन सामने खेळला. दोन जिंकला होता.

“मी हात बांधून वाचीन,” कीपर म्हणाला. “हातांवर बसतो हवं तर.”

तो हातांवर बसला आणि तीच बातमी पुन्हा वाचली. चुकला नाही, थांबला नाही. पण ढाल मुलींनी जिंकली की पाण्यात बुडवली, हे आवाजावरून सांगता आलं नसतं.

“राहू दे,” दादा म्हणाला. “याच्यापेक्षा कंपनीचं मशीन बरं.”

“हात मोकळे ठेवा,” बाई म्हणाल्या. “बदलायची ती स्क्रिप्ट बदलेन.”

बदल चौदा ओळींचा झाला. वाचकाची चूक एका वाक्याची असते, फार तर दहा सेकंदांची. म्हणून बाईंनी स्क्रिप्टला सांगितलं: वीस सेकंदांपेक्षा मोठा तुकडा कापायचा असेल तर कापू नकोस, तसाच ठेव आणि मला कळव. आणि दुसरं: अंक ध्वनिमुद्रणाच्या नऊ दशांशापेक्षा लहान निघाला तर हिरवी खूण द्यायची नाही, माझा फोन वाजवायचा. “इतकी वर्षं ती मला काम झालं एवढंच सांगत होती,” बाई म्हणतात. “बरोबर झालं का, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.”

दीड वाजता त्यांनी चारही दिवसांची ध्वनिमुद्रणं नव्या स्क्रिप्टमधून सोडली. चाळीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. थापा आता ऐकू येत होत्या, बातमीच्या शेवटी, पट-पट. बाईंनी त्या ठेवल्या.

मग त्यांना एक सुचलं. पुसल्या गेलेल्या बातम्या त्यांनी वेगळ्या काढल्या. एकवीस होत्या, मिळून बावीस मिनिटं. पूल उघडला होता. संघ दोनदा जिंकला होता. वाचनालयाला तळमजल्यावर जागा मिळाली होती, म्हणजे जिने गेले. हरवलेला कुत्रा नऊ दिवसांनी स्वतःच घरी आला होता. एका आजोबांनी सत्तराव्या वर्षी शाळेची परीक्षा दिली होती आणि गणितात वर्गात पहिले आले होते. चार दिवसांत एकही वाईट नाही, कारण वाईट तेवढ्या आधीच गेल्या होत्या.

कीपरला मायक्रोफोनपुढे बसवून त्यांनी दोन वाक्यांची सुरुवात घेतली: “सोमवारपासून शहरात घडलेल्या या चांगल्या बातम्या आमच्या चुकीने तुमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. चूक टेबलाची होती, शहराची नाही.” दुसरं वाक्य त्याने स्वतःच घातलं. तीन वाजता जादा अंक गेला.

तीन वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजायला लागला. एक लाइन बाईंकडे, एक साहेबांच्या टेबलावर. मावशींनीही फडका ठेवून एक मोबाइल घेतला. त्या प्रत्येकाला कापड धुतल्याची हकीकत पहिल्यापासून सांगत होत्या.

पावणेचारला कंपनीचा माणूस आला आणि साहेबांसमोर बसला. साहेब फोनवर होते. ठेवला की वाजायचा. कुणी विचारत होतं, संघाचा पुढचा सामना कधी. कुणी म्हणालं, हा अंक रोज काढा. टेलिफोन ऑपरेटर बाईंना दुसरंच हवं होतं.

“ते शेवटी पट-पट वाजतं ना,” त्या साहेबांना म्हणाल्या, “ते काढू नका. माणूस खूश झालेला कळतो.”

साहेबांनी फोन ठेवला आणि कंपनीच्या माणसाकडे पाहिलं.

“तुमचं मशीन टेबल बडवतं का?”

“नाही साहेब,” तो अभिमानाने म्हणाला. “पूर्ण शांत. कसलाही आगाऊ आवाज नाही.”

साहेबांनी करार उचलला, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि त्याला परत दिला. “मग नको.” मग बाईंकडे वळून, “कारण काय निघालं म्हणालात? एका ओळीत सांगा. बैठकीत लिहावं लागेल.”

“टेबलावरचं कापड ओलं आहे.”

“हे मी लिहू?”

“खरं तेच लिहा, साहेब.”

त्यांनी तेच लिहिलं. वहीतल्या पहिल्या प्रश्नाखाली बाईंनीही एक ओळ वाढवली: ‘टेबलाचंही विचारावं.’ मावशींनी ती वाचून घेतली आणि खाली आपलं नाव घालायला सांगितलं.

कापड गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत वाळलेलं नव्हतं. शुक्रवारी सव्वापाचला कीपर उघड्या टेबलाशी बसेल. अंक सात वाजता जाईल. सात वाजून एक मिनिटाने बाईंचा फोन वाजेल आणि पलीकडून एकच शब्द येईल.